शोभाबाईनं गायलेली बाग

तीस वर्षं तमाशाच्या फडात मी राक्षस रंगवले. आता सुरतेत लेकाकडे राहतो. अजूनही कुणी मोठ्यानं बोललं, की मला पडदा उघडल्यासारखं वाटतं. आमच्या शेजारच्या शोभाबाईनं मात्र पडदा, दिवे, काही नसताना जे करून दाखवलं, ते मला कधी जमलं नाही.

शोभाबाई चौथी शिकलेली. सुरतेतल्या आमच्या नवागाम वस्तीत खाटेवर बसून साड्यांचे सुटे धागे कापते. नवरा गोपाल कापड विणायच्या लूमवर असतो. त्या खडखडाटानं त्याचे कान गेले, म्हणून तो शेजारच्यालाही ओरडून सांगतो. लेक हर्षदा कॉलेजात इंग्रजी शिकते. तिला अभ्यासाला एक जुनं महाकाव्य होतं. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र ग्रंथातली पहिल्या जोडप्याची कथा, एवढी लांब की वाचतावाचता पावसाळा आला. हर्षदा परीक्षेसाठी मोठ्यानं वाची आणि अर्थ सांगे. धागे कापता कापता शोभाबाई ऐके.

देवाची बाग. एका झाडाचं फळ खायचं नाही. सैतान सापाच्या रूपात येतो, बाई खाते.

तिथं शोभाबाईची कात्री थांबली.

मला ते का, हे ठाऊक होतं. आम्हा खानदेशी लोकांत श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचा रोट फक्त एका कुळाच्या भाऊबंदांतच खायचा. बाहेरच्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. शोभाबाई लग्नानंतर पहिल्याच श्रावणात माहेरी गेली आणि सवयीनं रोटाचा तुकडा तोंडात टाकला. काकूनं तो बोट घालून काढला. त्या वर्षी म्हैस आटली, ती तिच्या नावावर. विहीर आटली, तीही. आईनं मरेपर्यंत टोमणे खाल्ले.

"आबा," ती मला म्हणाली, "यानी वही करस मी. कानबाईपुढे गास."

वही म्हणजे देवीपुढे डफावर गायची मोठी कथा. आमच्यात ती पुरुष गातात.

"मोठा पल्ला आहे, माय," मी म्हटलं.

"मंग मोठा श्वास शिकाडा."

शिकवला. दोन महिने रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागे. तिची एकच तक्रार होती, "आबा, सैतानच भारी बोलस."

"फडातही टाळ्या मलाच पडायच्या. त्याला बोलू दे, पण गोष्ट त्याच्या हाती देऊ नको."

गोपालनं मात्र हात वर केले. "मले यामां घेऊ नको!" हे सगळ्या गल्लीनं ऐकलं.

कानबाई बसली तिच्या चुलतदिराकडे, बाबुरावांकडे. रविवारी दुपारी चौरंगापुढे माणसं दाटली होती. आत रोटाचा खमंग वास. बाबुरावांनी तिला कोपऱ्यात बोलावलं.

"वहिनी, हाई गोट आपली नही."

"खाऊ नको सांगेल व्हतं, बाईनी खादं. आपली नही तं कोनी?"

"गाई ना, तं आज रोटले हात लावू नको."

रोट नाकारणं म्हणजे भाऊबंदांतून काढणं. हर्षदानं आईचा पदर ओढला. शोभाबाईनं तो सोडवून घेतला, खोचला आणि चौरंगापुढे उभी राहिली.

पहिल्या ओळींना तिचा आवाज कापला. मग बाग उभी राहिली. तिच्या बागेत केळी होत्या, हादग्याचं झाड होतं, तापीचं पाणी होतं. साप आला तेव्हा पोरांनी पाय वर घेतले. बाईनं फळ खाल्लं, तसे बाबुराव गरजले, "बस! बाईनी घात कया. आठेच संपाड!"

डफ वाजवणाऱ्या भगवाननं डफ खाली ठेवला.

शोभाबाई थांबली नाही. डफाशिवाय गात राहिली. कथेतल्या नवऱ्यानं फळ पाहिलं. याचं काय होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं हात पुढे केला, कारण ती एकटी जाईल हे त्याला सोसवेना. तिचा श्वास तुटायला लागला. मी मनातल्या मनात तिच्यासाठी श्वास घेत होतो.

तेवढ्यात दाराजवळून गोपाल उठला. त्यानं डफ उचलला. त्याला ताल कुठला येतोय? लूमचा येतो. खट्-खटाक, खट्-खटाक. शोभाबाईनं एकदा मागं पाहिलं आणि गाणं त्या चालीवर चढवलं. शेवटपर्यंत. बागेचं दार मागं लागलं, पुढे सगळा मुलूख मोकळा, आणि दोघं चालायला लागली.

कुणी टाळी वाजवली नाही. बाबुरावांनी पानं मांडायला सांगितली. दोन पानं कमी मांडली गेली.

गोपालनं डफ भगवानच्या हाती दिला. शोभाबाईनं कानबाईला हात जोडले. दोघं पायऱ्या उतरली, मागून हर्षदा चप्पल शोधत धावली. मी परक्या कुळाचा, मला रोट नव्हताच. मीही निघालो.

गल्लीत बाबुरावांची बायको इंदुबाई पिठाच्या हातानं धावत आली. "शोभा, त्यास्नं पुढे काय व्हयनं वं?"

"ये घर. सांगस."

गोपाल ओरडला, "आते खावानं काय?"

"खिचडी टाकस," शोभाबाई म्हणाली, आणि भर गल्लीत त्याचा हात धरून पुढे झाली.