उलटी बटणं

घरात कॉम्प्युटर एकच आणि आमचे हे डावखुरे. सकाळी त्यावर पत्ते खेळायला बसले की माउस कीबोर्डच्या डावीकडे घ्यायचे आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याची बटणं उलटी करायचे. उठताना पूर्ववत करणं मात्र माहीतच नाही. दुपारी मी सोसायटीची नोटीस टाइप करायला बसले की पहिल्याच क्लिकला नको तो मेनू उघडायचा. मी तिथूनच ओरडायचे, "अहो, परत उलटं करून ठेवलंत!" आतल्या खोलीतून उत्तर ठरलेलं, "उलटं कुठंय? माझ्या हाताला सरळच आहे."

हे गेले त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून माउस मी ठेवते तिथेच असतो. चष्म्याचं घर, पेपर, खिडकीची कडी, सगळंच जिथल्या तिथे. याच टापटिपीसाठी मी जन्मभर कटकट केली. आवरलेलं घर इतकं गप्प असतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

काल उठताना मी स्वतःच सेटिंग उघडून बटणं उलटी केली. का, ते विचारू नका. आज दुपारी मात्र साफ विसरून बसले. क्लिक केलं, नको तो मेनू उघडला आणि तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "अहो, परत उलटं करून ठेवलंत!"

उत्तर मला पाठ होतं. तरी मी कितीतरी वेळ आतल्या खोलीकडे कान लावून बसले.