शांतेनं फोनले देलेला होकार

शांता गेली तवा तिच्या खाटेपाशी आमी चौघं होतो. मी, तिची मोठी जाऊ. तिचा लेक विनोद, सून रेखा, आन नात पायल. पाचवं कोणी बोलवू नोका, असं तिनंच सांगतलं होतं. सकाळची येळ होती. विनोदनं तिचे डोळे मिटवले, पायलनं वंदना सुरू केली... आन तवाच फडताळावरचा शांतेचा फोन वाजला. पायल उठली, पाह्यलं, फोन उलटा करून ठिवला. मी म्हटलं, "कोणाचा वं?" तं म्हणते, "कोणाचाच नाई, मोठी आजी. जाहिरात हाय. गाठीच्या दवाखान्याची." सव्वा महिना झाला त्या गोष्टीले. मी चौथी शिकली, म्हून मी बोलून राह्यली आन पायल लिहून राह्यली.

शांता हिंगणीची. लगन होऊन आली तवा माह्या खांद्याले लागे एवढी. चाळीस वर्सं आमी एका चुलीवर सैपाक केला, वावराच्या एका धुऱ्यावर बसून भाकर खाल्ली. एक डाव कापूस वेचताना तिले विंचू चावला, तं फडकं बांधून दिवस बुडेपर्यंत वेचत राह्यली. घरी आल्यावर पाय पाह्यला, भोपळ्यावानी सुजला होता. "अवं शांते, सांगतलं काऊन नाई?" "सांगून काय इंचू माफी मांगनार होता का, बाई?" अशी ती. जे होये ते पोटात ठिवे. दोघीचेबी घरधनी गेले, मंग आमी विनोदसंग पिपरी मेघेले राह्याले आलो.

विनोदनं आपला जुना फोन तिले देला. ती भीमगीतं ऐके, पायलच्या नाचाचे व्हिडिओ पाहे, लोनच्याचे प्रकार पाहे आन "इले तेल टाकताच येत नाई" म्हून त्या फोनमधल्या बाईले शिव्या दे. मधातच पडद्यावर काईबाई लिहून येये, सारं इंग्रजीत, खाली निळी पट्टी. "बाई, हे काय म्हणते वं?" मी म्हणो, "दाब, पुढं जाईन." मले तरी काय समजत होतं? रेशनच्या मशीनवर अंगठा देल्याशिवाय तांदूळ भेटत नाई. बँकेत अंगठा, दवाखान्यात अंगठा. कायले पाह्यजे ते कोणी सांगतलं नाई, आमी विचारलंबी नाई. नाई देला तं काम अडते, एवढं माहीत. मले वाटलं, फोनचंबी तसंच. तिनं दाबलं. दर डाव दाबलं.

मंग तिच्या छातीत गाठ आली. आंघोळीच्या येळी माहा हात धरून दाखवली. बोराएवढी होती. मी म्हटलं, आत्ताच विनोदले सांगतो. तं माह्या तोंडावर हात ठिवला. पायलची पसंती झाली होती, साक्षगंध व्हाचं होतं. "तेवढं होऊ दे, बाई. आजारी घर म्हून सोयरे मागं सरतीन." मी म्हटलं, मंग गाठीचं काय? "मी फोनले विचारलं ना. बोलून विचारता येते त्याले. हे पाय, तुले मालूम हाय आन फोनले मालूम हाय. तू बोलशीन तं बोलशीन, फोन कोनाले सांगते?"

साक्षगंधाची तारीख पकडाले पोराची आई आन मावशी आल्या. चहा झाला, चिवडा झाला. मावशी मोठी हौशी. "पोरीचा नाच दाखवा ना, मोठा नाचते म्हणे." शांतेनं फोन तिच्याच हातात देला. मावशीनं नाच पाह्यला, बोटानं वर सरकवलं. आली जाहिरात... छातीतली गाठ, घाबरू नका, आमच्याकडे या. आजून सरकवलं, तं ज्या बाईची छाती काढली तिच्यासाठी आतले कपडे. मराठीत होतं सारं. होकार मांगाचा होता तवा इंग्रजी, आन धिंडवडे काढाले मराठी. मावशीनं ते बहिणीले दाखवलं. "हे कोनासाठी पाहून राह्यले वं तुमी?" शांता म्हणे, "चुकून आलं असन." "आमच्याबी हातात फोन हाय माय, आमाले तं साड्याच येतेत." पोराची आई हळूच म्हणे, "हा रोग आजीचा नातीले येते म्हणतेत..." दोघीबी उठून गेल्या. तारीख काई निघाली नाई. चार दिवसांनी निरोप आला, पोराले आत्ता करायचं नाई म्हून.

पायल रडली नाई. "असे लोक गेले ते बरं झालं," म्हणे, आन आजीले दवाखान्यात चाल म्हून हात धरून ओढे. पन शांतेच्या मनात भेव बसलं. आता दवाखान्यात गेली तं फोनले समजन, मंग पायलच्या दुसऱ्या सोयऱ्याईलेबी समजन. तिनं फोन फडक्यात गुंडाळून कणकीच्या डब्यात ठिवला. माह्यासंग बोलाले आंगणात ये, तिथंबी पह्यले डबा कुठं हाय ते पाहे. बाहेर काढला की दुसरी जाहिरात तयारच. "बाई, याच्या अंदर कोणी बसलं हाय. मी काय केलं त्याचं?" मले सांगता येईना. मी आजबी तिले ओढत नेलं पाह्यजे होतं म्हणतो. चार महिने तिनं असे घालवले. नेलं तवा डॉक्टर म्हणे, काऊन थांबल्या आजी एवढ्या?

ती गेल्यावर विहारात एक वकील पोट्टी आली होती. तिनं सांगतलं, आता कायदा झाला हाय, पुरा लागू व्हाचा बाकी हाय. तुमची माहिती घ्याची असन तं कायले पाह्यजे ते साफ सांगा लागते, तुमच्या भाषेत वाचता आलं पाह्यजे, आन होकार देणं जेवढं सोपं तेवढाच वापस घेणंबी सोपं पाह्यजे. मी उभी राह्यली. म्हटलं, "मेलेल्या बाईचा होकार वापस घेता येते का, बाई?" ती म्हणे, "जितेपणी तिनं कोणाचं नाव देऊन ठिवलं असन तं त्या माणसाले मांगता येईन." कुठचं नाव... नाव द्या लागते हेच कोनाले मालूम होतं?

शांतेचा होकार वापस घ्याची पायलनं लय खटपट केली. शांता जे विचारन, जे पाहीन ते जाहिरातवाल्याईले द्याले हो म्हणाची ती एक निळी पट्टी होती. नाई म्हणाले एका पानातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आन शेवटी पासवर्ड मांगते, कुलपाचा शब्द. तो शब्द शांताच घेऊन गेली. फोन फोडून टाका म्हणे विनोद. मी म्हटलं, फोडून काय होते? जे नेलं ते काय या डबीत हाय?

रडून मले आता काई करायचं नाई. दाब म्हणणारी मी होती, एवढं खरं. तुमाले एवढंच मांगतो. तुमच्या घरची म्हातारी फोन समोर धरून "हे काय म्हणते" विचारन, तवा कामात असले तरी दाब म्हणू नोका. बसा. तिले तिच्या बोलीत वाचून दाखवा. नाई म्हणता येते हेबी सांगा. मंग तिलेच ठरवू द्या.