तख्ताखालची प्रॉम्प्टर

मी आयुष्यात एकदाच टीव्हीवर आले, आणि तेव्हाही कुणाला दिसले नाही.

भोपाळला सरकारी कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये आम्ही तळमजल्यावर राहायचो आणि सिद्दीकी साहेब बरोबर आमच्या डोक्यावर. ते कारखान्यात बाबांच्या शॉपचे, म्हणजे विभागाचे, फोरमन. दिवसभर विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करवून घ्यायचे आणि संध्याकाळी क्लबात उर्दू नाटकं बसवायचे. लिहायचे तेच, बसवायचे तेच, मुख्य भूमिकाही तेच करायचे (दुसऱ्या कुणाचे उच्चार त्यांच्या कानांना सोसत नसत!).

मग त्यांच्या बेगम गेल्या आणि साहेब विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध. एकदा तर आमच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "शुभा बेटी, मेरा घर ऊपर है ना?" आम्ही हसलो, तेही हसले. दार लावल्यावर आई मात्र ओट्याशी जाऊन रडली.

त्यांच्या रिटायरमेंटच्या वर्षी टीव्ही केंद्रानं त्यांचं एक नाटक रेकॉर्ड करायचं ठरवलं. बंद पडलेल्या स्टेशनात गाडीची वाट बघणारा म्हातारा स्टेशनमास्तर, अर्धा तास, जवळजवळ सगळं एकट्याच्या तोंडी. आम्ही पेढे दिले. साहेब म्हणाले, "मिठाई बाद में, भाभी. पहले देखना है, यहां कुछ बाकी है या नहीं." आणि त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

तालमीत ते तिसऱ्या पानावर अडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. प्रॉम्प्टर घ्या म्हटलं तर भडकले. "प्रॉम्प्टर? अपना लिखा हुआ भूल जाऊंगा मैं?"

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात पाठांतर ही भानगडच नसायची. विंगेतून अख्खं नाटक वाचलं जायचं आणि नट ऐकून बोलायचे. ते वाचणारे आमचे बाबा! त्यांना यात गैर काहीच वाटेना. "शुभे, तू तालमींना बसतेस, देवनागरीत उतरवून घे. साहेबांना न सांगता तख्ताखाली लप आणि हळूच सांगत राहा. चालतंय गं, नाटकात हे चालतंच." मी एकोणीस वर्षांची होते, आणि मला परोपकाराची अत्यंत हौस होती.

रेकॉर्डिंग भर मे महिन्यात क्लबाच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. स्टेजवर एक तख्त (लाकडी दिवाणच म्हणा), त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारी चादर आणि चादरीआड टॉर्च घेऊन मी. तख्ताच्या पायाला एक काळी डबी बांधलेली होती. वायरिंगचं काहीतरी असेल म्हणून मी निवांत तिला खेटून बसले (तो माइक होता!).

प्रोड्यूसर म्हणाले, "साहब, ज़रा धीमे. कैमरा दो हाथ पर है, आख़िरी कतार में कोई नहीं बैठा."

"मियां, तीस बरस आख़िरी कतार के लिए ही बोला हूं," साहेब म्हणाले, पण त्यांनी आवाज उतरवला.

आता साउंडवाल्याला माझा आवाज जास्तच स्पष्ट ऐकू येऊ लागला. "को खां, ये खुसर-फुसर कहां से आ रई हे?" त्यानं पंखे बंद केले. खुसफुस चालूच! कूलर बंद केला. चालूच! मग त्याचा संशय पुढच्या रांगेतल्या बायकांवर गेला आणि आईसकट सगळ्यांना त्यानं बाहेर उन्हात काढलं. आई जाताना तख्ताकडे असं बघून गेली की मी वही तोंडावर धरली. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "मशीन में ही कुछ हेगा." टीव्ही केंद्राच्या गाडीला संध्याकाळच्या आत परत जायचं होतं, म्हणून तसंच रेकॉर्ड केलं.

साहेब कुठंही अडले नाहीत. संपल्यावर त्यांनी बाबांना मिठी मारली. "कुलकर्णी! एक लफ़्ज़ नहीं भूला! देखा?" त्या संध्याकाळी त्यांनी बिट्टन मार्केटातून मिठाई आणून अख्ख्या ब्लॉकला वाटली. मला दोन पेढे जास्त दिले, आणि निर्लज्जपणे मी ते खाल्लेही.

नाटक लागलं त्या दिवशी ब्लॉकमधली सगळी माणसं आमच्या खोलीत. साहेब खुर्चीवर, नव्या शेरवानीत. पडद्यावर स्टेशनमास्तर आला, त्यानं रुळांकडे पाहिलं आणि बायकी, घाईघाईचा आवाज आला, "गाड़ी आएगी, पटरियां झूठ नहीं बोलतीं." मग साहेबांचा खर्जातला आवाज, "गाड़ी आएगी... पटरियां झूठ नहीं बोलतीं."

पहिल्यांदा सगळे चरकले. तिसऱ्या वाक्याला कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढं माझी शिंक आली आणि ऐन रडण्याच्या जागी, अस्सल पुणेरी मराठीत, "अगं बाई, पान चिकटलं!" खोलीत हशा पिकला. बाबा टीव्ही बंद करायला उठले.

"रहने दीजिए," साहेब म्हणाले.

त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग शेरवानीची बटणं नीट करत माझ्याकडं वळले. रागावले असते तर किती बरं झालं असतं!

"तो वो तुम थीं, बेटी," ते म्हणाले. "मैं समझा, मुझे याद आ रहा है."

हे वाक्य मी विसरू शकलेले नाही. एखाद्या माणसाकडून काय काढून घ्यावं याला काही सुमार असतो.

आठ दिवस ते खाली आले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी वरूनच हाक मारली, "शुभा, वो कॉपी ले आओ." मग मी ती वही घेऊन रोज संध्याकाळी वर जाऊन त्यांना त्यांचं नाटक वाचून दाखवू लागले. सुरुवातीला ते माझे उच्चार सुधारायचे. काही महिन्यांनी नुसतंच ऐकायचे. डोळे मिटून, हात गुडघ्यावर ठेवून.

एका संध्याकाळी वाचून संपलं. त्यांनी डोळे उघडले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वाह. बहुत अच्छा लिखा है. किसका है?"

अर्धा तास नको तिथं अखंड बडबडलेली मी! आणि ज्या एका वेळी खरंच प्रॉम्प्ट करायला हवं होतं, तेव्हा माझ्या तोंडून एक नाव फुटलं नाही.