अदलाबदलीतली एतेल्का

एतेल्का दहा वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी तिला टेकडीपलीकडच्या जर्मन गावात रोझिनामावशीकडे सोडलं आणि मावशीच्या बार्बीला आपल्या घरी आणलं. हंगेरीच्या त्या भागात रीतच होती: हंगेरियन आणि जर्मन घरांनी वर्षभर मुलांची अदलाबदल करायची. दुसऱ्याची भाषा चुलीपाशी बसून जितकी येते, तितकी शाळेत येत नाही. पहिले काही दिवस एतेल्का नुसती रडली. मावशीनं खसखशीच्या शेवया पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "रड हवं तेवढं, पण जर्मनमध्ये रड. मला कळायला नको?"

मोठेपणी एतेल्का दोन्ही गावांची दुभाषी झाली. गुरांचा बाजार असो की सोयरीक, तिच्यावाचून अडायचं. हंगेरियन तिला 'तोल्माच' म्हणत, जर्मन 'डोल्मेच'. मास्तर सांगत, शब्द मुळात एकच. तुर्की बोलणाऱ्या घोडेस्वारांबरोबर पूर्वेकडून आला आणि वाटेत घरं बदलत जर्मनांकडे पोचला. मावशी हसायची. "म्हणजे तोही आमच्या एतेल्कासारखाच, अदलाबदलीतला."

मग युद्ध आलं. सरत्या युद्धात रशियन सैन्यानं बार्बीला, जर्मन म्हणून, रशियातल्या खाणीत कामाला नेलं. पुढे तिचा ठावठिकाणा लागला नाही. त्यानंतर हुकूम निघाला, जर्मनांनी देश सोडायचा. दारोदार हुकूम सांगायला आलेल्या अधिकाऱ्याला जर्मन येत नव्हतं. एतेल्काला नाही म्हणता आलं असतं. पण मावशीनं ते परक्याच्या तोंडून ऐकावं, हे तिला सोसवेना. ती गेली.

घर, गाय, द्राक्षमळा सोडायचा. उचलेल तेवढंच सामान घ्यायचं. दुपारी स्टेशनवर हजर व्हायचं. एतेल्कानं काहीही न गाळता सांगितलं. मावशीनं पिठाचे हात पुसले.

"बार्बी आली तर इथेच येईल. दार भलतंच कुणी उघडेल."

"मी सांगेन तिला, मावशी."

"नुसतं सांगू नकोस. ठेवून घे. मी तुला ठेवलं होतं ना?"

"काय म्हणते ती?" अधिकाऱ्यानं विचारलं.

एतेल्का म्हणाली, "काही नाही. आमच्या घरातलं आहे."

जर्मन गेले, घरांत दुसरी माणसं आली. दुभाष्याची गरजच उरली नाही, तरी लोक तिला तोल्माच एतेल्काच म्हणत राहिले. हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं, त्यामुळे नव्यांना वाटे, ते आडनावच असेल. ती मात्र दर शनिवारी खिडकीजवळच्या रिकाम्या पलंगावरची चादर बदलायची. म्हातारपणी हात कापू लागले, तेव्हाही ते काम तिनं कुणाला करू दिलं नाही. बार्बी आली नाही.