घट बसलेल्या घरातला स्पंज

जालन्यात बसून समुद्री स्पंजावर संशोधन करते म्हटलं की लोक आधी हसून घेतात. घनसावंगीहून सुटणाऱ्या जीपमध्ये एकानं तर विचारलंच, "मॅडम, आपल्या गोदावरीत घावत न्हाई का तुमचा स्पंज?" मी म्हटलं, "घावला असता तर ह्या जीपमध्ये कोंबून घेऊन रोज कशाला मरायला गेले असते?" माझी जीभ ही अशी आहे. सासरच्यांना ती लग्नानंतर कळली, तोवर उशीर झाला होता.

हा भांडी घासायचा स्पंज नव्हे. हा समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून बसणारा जिवंत प्राणी. ना दात, ना नख्या, जागचा हलतही नाही. मग शत्रूपासून जीव वाचवायला तो स्वतःच्या अंगातच विषं बनवतो, आणि आमच्यासारखे त्या विषांत औषध शोधत बसतात. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. माझी तर कितीतरी वर्षं अशीच गेली. पण रत्नागिरीकडून रीतसर परवानगीनं आणलेल्या एका मूठभर करड्या स्पंजाच्या अर्कानं, दवाखान्यातल्या औषधांना दाद न देणारा एक जंतू काचेच्या ताटलीत वाढूच दिला नाही. मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले, खरं सांगते.

आनंद फार टिकला नाही. अर्क बाहेर गरमीत राहिला तर त्याचा गुण उडून जायचा, हे दोनदा हात पोळल्यावर कळलं. चाचण्या करता करता स्पंजाचा एवढुसा तुकडा उरला. तेवढ्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. आणि नेमका नवरात्रात जालन्यातल्या आमच्या कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळाला, प्रयोगशाळेतला फ्रीजर बंद पडला. दुरुस्तीला माणूस येईना. मी तुकडा बर्फाच्या डब्यात घातला आणि तडक घरी घनसावंगीला आणला.

घरी घट बसलेले. देवघर स्वयंपाकघरालाच लागून. मी फ्रीजरमध्ये डबी सरकवत होते तेवढ्यात सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"काय ठिवलं गं?"

"स्पंज आहे, आत्याबाई."

"म्हंजी शेवाळ का?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्यांच्याशी खोटं बोलायला मला जमत नाही. "न्हाई. जित्राब आहे. समुद्रातलं."

"अगं बाई! घट बसलेत अन् घरात जित्राब? काढ आधी ते!"

आमच्यात एरवी मटण होतं, पण तेही अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. नवरात्रात तर अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. त्यांचं बरोबरच होतं. तरी मी फ्रीजरच्या दारावर हात ठेवून उभी राहिले.

"न्हाई काढणार. तुमच्या धाकट्याला ज्यानं नेलं, तसल्याच जंतूवर हे काम करून राह्यलंय."

धाकटा म्हणजे माझा दीर. नांगरटीच्या वेळी पायात लोखंड घुसलं, जखम चिघळली. मोठ्या दवाखान्यात औषधामागून औषध बदललं, एकही लागू पडलं नाही. लग्नानंतर मला पुढं शिकू द्या म्हणून घरात भांडला होता तो एकटाच.

आत्याबाई देवघरात गेल्या. घटाच्या मातीत उगवलेल्या कोंबांवर त्यांनी पाणी शिंपडलं. मग तिथूनच म्हणाल्या, "राहू दे. दार नीट लाव त्याचं."

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मरच्या मागं लागून मी जालन्याला गेले, कटकट करून माणूस ठरवला आणि संध्याकाळी खुशीत परतले. दारातच आत्याबाई भेटल्या. इतक्या दिवसांत इतक्या हसऱ्या मी त्यांना पाहिल्या नव्हत्या.

"सकाळधरनं लाईट न्हाई. तुझ्या डबीला पाणी सुटाया लागलं. म्हटलं, नासून जाईल पोरीचं. मंग बराबर हळद-मीठ चोळून ठिवलं. आता काय होत न्हाई त्याला."

मटण ठेवायचं झालं तर आमच्याकडे हेच करतात. उपास धरलेल्या त्या बाईनं घटाच्या दिवसांत ते जित्राब हातात घेतलं होतं, चोळलं होतं आणि मग डोक्यावरून आंघोळ करून पुन्हा देवाजवळ बसली होती.

मी डबी उघडली. कपाळ माझं! सगळं पिवळं. सुरीनं तुकडा चिरला, आतली भोकंन्‌भोकं पिवळी. हळदीतला पिवळा घटक आमच्या चाचण्यांना हमखास फसवतो. आता जंतू मेला असता तरी कशानं मेला हे कुणालाच सांगता आलं नसतं. आणि गरमीनं गुण उडाला असणार तो वेगळाच.

"वाटोळं केलंत, आत्याबाई! तुमच्या हळदीनं सगळं संपलं!" मी ओरडले. शेजारपाजारी ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले.

त्यांचं हसू मावळलं. त्या खाली बसल्या. तळहात अजून पिवळेच होते, त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"त्याच्याबी पायात मीच हळद भरली होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उतरंल. दवाखान्यात उशिरा नेलं. माझ्याच हातानं गेला तो."

इतकी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन आमच्यासाठी भाकरी थापत होती. आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही! माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांच्यासमोर बसले आणि ते हात धरले.

"ऐका माझं. त्याचे सगळे रिपोर्ट मी स्वतः वाचलेत. त्या जंतूवर चालणारं औषध तिथं कुणाकडंच नव्हतं. पहिल्या दिवशी नेलं असतं तरी नव्हतं."

"खरं सांगतीस?"

"जित्राब आहे हे सांगितलंच ना काल तोंडावर? मग हे कशाला खोटं सांगू?"

त्या रडल्या. मीही रडले, लपवायचं कशाला! बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि डबीकडे बोट केलं.

"हे गेलं न्हाई का आता?"

"गेलं."

"दुसरं मिळंल?"

"मिळेल, रत्नागिरीला जावं लागेल. पण त्यात तोच गुण असेल का, ते सांगता येत न्हाई. पुन्हा पहिल्यापासून सगळं."

"मंग बसलीस कशाला?" आत्याबाई उठल्या. "पीठ मळते. वाटेला दशम्या घेऊन जा."