लिफ्टच्या दुरुस्तीच्या नोंदी
लिफ्टमध्ये ग्रीसचा वास आला की सिंगापूरमधलं माझं पहिलं वर्ष आठवतं. त्या वर्षी आमच्या इमारतीची सारखी बिघडणारी लिफ्ट पुन्हा बंद पडली आणि शेजारच्या चिनी आजी जिन्यात पडल्या. मी पुण्याच्या सवयीने, माहिती अधिकारात करतात तसा, दुरुस्तीच्या नोंदी मागणारा अर्ज लिहिला आणि इमारतींची देखभाल बघणाऱ्या टाउन काउन्सिलच्या गारेगार ऑफिसात नेऊन दिला. काउंटरवरच्या बाईंनी तो पूर्ण वाचला आणि विचारलं, "मालक की भाडेकरू?" भाडेकरू म्हणताच कागद परत आला. घरमालकाकडे सही मागितली तर तो म्हणाला, "ॲग्रीमेंट संपत आलंय तुझं, कशाला भानगडीत पडतोस?" मी अर्जाची घडी घालून ती ड्रॉवरमध्ये ठेवली. आजी प्लास्टरमधला हात सावरत रोज विचारायच्या, "काय म्हणाले?" मी सांगायचो, "चौकशी चालू आहे." आता फ्लॅट माझ्याच नावावर आहे. अर्ज अजून ड्रॉवरमध्येच आहे.