अक्काचं 'आम्ही'

मेहरूणच्या आमच्या गल्लीत कुणी बाळाला ओव्याची धुरी दिली की माझे हात अजून गार पडतात. त्या वासाबरोबर साक्रीजवळचं आमचं घर आठवतं, आणि श्वास अडकून निळा पडलेला तीन दिवसांचा भाऊ.

फादर धुळ्याला होते. अशा प्रसंगी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, म्हणून माझ्या आत्याने, अक्काने, त्याच्या कपाळावर तांब्यातलं पाणी ओतलं. "आम्ही तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो."

मी बारा वर्षांची होते आणि चर्चमधल्या साऱ्या पुस्तिका मला पाठ होत्या. 'आम्ही' म्हटलं तर संस्कार होतच नाही, 'मी'च म्हणावं लागतं.

"अक्का, मी म्हना," मी कुजबुजले.

"मी म्हननारी मी कोन? बठ्ठा घरनं पोर शे." पोर साऱ्या घराचं, तिच्या एकटीचं नाही, असं तिला म्हणायचं होतं.

झालेला बाप्तिस्मा पुन्हा देणं पाप होतं, आणि न झालेला तसाच सोडला तर भाऊ देवालाही मुकणार होता. मी तांब्या घेतला. "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला..."

माझे शब्द संपले आणि थोड्याच वेळात त्याचा श्वासही.

अक्काने माझा दंड धरला. "पोरी, पानी कोन्हं लागू पडनं? मनं का तुनं?" कुणाचं पाणी लागू पडलं, तिचं की माझं, हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

तो नियम मला आजही पटतो. 'मी' म्हणणाऱ्याला पुढे उत्तर द्यावं लागतं, 'आम्ही'त कुणीही लपू शकतं. पण अक्का लपत नव्हती, आणि तिचे डोळे माझ्याहून घाबरलेले होते.

"तुमनं, अक्का," मी म्हणाले.